नांगराचा खप आणि उधारीची वही

नेतृत्व आणि विपणन हे दोन वेगळे विषय आहेत अशी समजूत व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी रूढ केली आहे आणि मोठ्या कंपनीपुरती ती बरोबरही आहे, कारण तेथे माणसे सांभाळणारा विभाग एका मजल्यावर असतो, माल खपवणारा दुसऱ्या मजल्यावर असतो आणि दोघांची गाठ महिन्याच्या बैठकीत पडली तर पडते. ज्या उद्योगात मालक सकाळी स्वतः शटर वर करतो, दुपारी बँकेत जातो, संध्याकाळी गिऱ्हाइकाची तक्रार ऐकतो आणि रात्री हिशेबाची वही उघडतो, तेथे मात्र ही विभागणी टिकत नाही. तेथे विपणन म्हणजे बाजाराला शब्द देणे आणि नेतृत्व म्हणजे दिलेला शब्द पाळता येईल अशी घरातली, म्हणजे कारखान्यातली किंवा दुकानातली, व्यवस्था लावणे. पहिले काम जोरात आणि दुसरे ढिले असेल तर उद्योगाचे नाव जितके पसरते तितके खराब होते. पहिले ढिले आणि दुसरे पक्के असेल तर उत्तम माल गोदामात पडून राहतो. महाराष्ट्रात दुसऱ्या प्रकारचे उद्योग अधिक आढळतात, असे म्हटल्यास फारशी चूक होणार नाही.

विपणन या शब्दाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. विपणन म्हणजे जाहिरात नव्हे, आणि विक्रीही नव्हे. कोणासाठी काय बनवायचे, ते कोणत्या किमतीला द्यायचे, कोठे आणि कोणामार्फत पोहोचवायचे आणि त्याची माहिती लोकांना कशी करून द्यायची, या चारही निर्णयांना मिळून विपणन म्हणतात. ही चौकट जेरोम मॅकार्थी या अमेरिकी प्राध्यापकाने 1960 मध्ये मांडली आणि तेव्हापासून ती जगभरच्या वर्गांत शिकवली जाते. लहान उद्योजक या चारांपैकी शेवटच्या एकालाच विपणन समजतो, त्यासाठी फलक, पत्रके किंवा समाजमाध्यमांवरच्या जाहिराती यांवर पैसे घालतो आणि उरलेले तीन निर्णय सवयीवर किंवा शेजारच्या दुकानदाराच्या अनुकरणावर सोडून देतो.

‘लघु’ या शब्दाचीही व्याप्ती पाहिली पाहिजे. केंद्र सरकारने 1 एप्रिल 2025 पासून लागू केलेल्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी रुपयांपर्यंत आणि वार्षिक उलाढाल दहा कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म, तर गुंतवणूक पंचवीस कोटींपर्यंत आणि उलाढाल शंभर कोटींपर्यंत असलेला उद्योग लघु ठरतो. शंभर कोटींची उलाढाल करणाऱ्याला कायदा लघु म्हणत असला तरी त्याच्या अडचणी आणि पाच-पंचवीस माणसांच्या कारखान्याच्या अडचणी सारख्या नसतात. पुढील विवेचन मुख्यतः या दुसऱ्या गटासाठी आहे: भोसरीतला सुटे भाग बनवणारा, शिरोलीतला लहान फाउंड्रीवाला, इचलकरंजीचा यंत्रमागधारक, मसाले किंवा फराळ बनवणारी गृहिणी, आणि ज्याच्या पश्चात मुलगा गल्ल्यावर बसेल की नाही याची खात्री नाही असा दुकानदार.

या गटाला उपयोगी पडेल असे उदाहरण शोधायला परदेशी पुस्तकांपर्यंत जाण्याचे कारण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग आज मोठ्या समूहाच्या रूपाने ओळखला जातो, परंतु त्याची पहिली वीस-बावीस वर्षे अस्सल लघुउद्योगाची होती आणि त्या काळातल्या अडचणी आजच्या कोणत्याही लहान कारखानदाराला ओळखीच्या वाटतील. चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेलेल्या लक्ष्मणरावांना रंगांचे भेद नीट ओळखता येत नाहीत असे आढळले, तेव्हा ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बेळगावात 1888 मध्ये सुरू झालेले सायकलींचे दुकान ही या उद्योगाची सुरुवात मानली जाते; ते दुकान थोरले बंधू रामूअण्णा यांच्या साथीने चालत असे. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि 1903 मध्ये लोखंडी नांगर अशी वाटचाल झाली.

नांगराच्या विक्रीची हकीकत विपणनाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे. नांगर चांगला होता, गरजेचा होता, देशी बनावटीचा होता. तरीही पहिला नांगर विकला जायला जवळपास दोन वर्षे लागल्याचे सांगितले जाते, कारण लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते आणि ती नापीक होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. कारखानदाराने येथे दोन चुका सहज केल्या असत्या. पहिली म्हणजे खप नाही म्हणून किंमत उतरवणे. पण जो शेतकरी जमीन बिघडेल म्हणून भीत आहे त्याला नांगर फुकट दिला तरी तो शेतात घालणार नाही, किंबहुना फुकट मिळतो म्हणून त्याचा संशय वाढेल. दुसरी चूक म्हणजे गिऱ्हाईक अडाणी आहे असे म्हणून मोकळे होणे. शेतकऱ्याचा हिशेब त्याच्या जागी बरोबर होता. लाकडी नांगराने कमी पिकले तरी पिकते हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, आणि नव्या अवजाराने जमीन गेली असती तर ती भरून द्यायला कारखानदार येणार नव्हता. नव्या मालाच्या खरेदीत धोका नेहमी गिऱ्हाइकाच्या माथी असतो. तो धोका कोणता हे ओळखणे आणि त्यातला शक्य तितका वाटा आपल्याकडे घेणे, हे लहान उत्पादकाच्या विपणनाचे पहिले काम होय. अशी शंका कागदावर छापलेल्या मजकुराने फिटत नाही. ती शेजारच्या शिवारात तोच नांगर दोन हंगाम चाललेला आणि त्या शिवारात पीक आलेले पाहिल्यावर फिटते.

या कसोटीवर आजचे उदाहरण तपासता येते. लाकडी घाण्याचे तेल विकणारा उद्योजक गिऱ्हाइकाला शुद्धतेविषयी भाषण देतो, परंतु गिऱ्हाइकाची अडचण बहुधा शुद्धतेची नसतेच. महागडी पाच लिटरची बरणी घेतली आणि घरच्यांना तेलाचा वास आवडला नाही तर ती वाया जाईल, ही त्याची धास्ती असते. या धास्तीवर उपाय पाव लिटरच्या बाटलीचा आहे, आणि तो जाहिरातीपेक्षा स्वस्त आहे. कोणतीही योजना आखण्यापूर्वी माल न घेता परत गेलेल्या दहा गिऱ्हाइकांना काय खटकले हे विचारून लिहून ठेवले, तर त्या दहा ओळींतून जे कळते ते सल्लागाराच्या जाड अहवालातून सहसा कळत नाही.

किर्लोस्करांच्या उद्योगाला दुसरा धक्का बाजाराने नव्हे, नगरपालिकेने दिला. बेळगावातली कारखान्याची जागा विस्तारासाठी हवी म्हणून सोडण्यास सांगण्यात आले, आणि औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची माळरानाची जागा व कर्ज देऊ केल्यावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. निवडुंग, साप आणि पाण्याची टंचाई असलेल्या त्या माळावर पहिल्या तुकडीत सुमारे पंचवीस कामगार कुटुंबांसह गेले. नेतृत्वाचा खरा कस येथे लागतो. कारखान्याचे यंत्र गाडीत घालून नेता येते, माणसाला नेता येत नाही. बेळगावसारखे गाव सोडून उजाड माळावर बायकामुलांसह जाण्यास कामगार तयार होतो तो पगारवाढीच्या आशेने नव्हे, कारण तेव्हा ती देण्याची ऐपतच नव्हती. मालक स्वतः त्याच माळावर, त्याच पत्र्याखाली राहायला येत आहे हे दिसल्यावरच तो तयार होतो. वसाहतीची आखणी रामूअण्णांकडे, यंत्रे शंभुराव जांभेकरांकडे, हिशेब मंगेशराव रेग्यांकडे आणि बाहेरची असंख्य कामे के. के. कुलकर्ण्यांकडे अशी जबाबदारीची वाटणी झाली, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या राखणीचे काम देण्याइतका विश्वासही दाखवला गेला. आजचा उद्योजक सिबिल गुणांक पाहतो, चारित्र्याचा दाखला मागतो आणि तिजोरीची किल्ली तरीही कमरेला ठेवतो. काळाचा फरक मान्य केला तरी ही तुलना थोडी बोचरी आहे.

याच वाडीतून 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू झाले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे मराठी वाचकांना परिचित असलेले शंवाकि, हे त्याचे संपादक होते. कारखान्याच्या मालाची आणि घडामोडींची माहिती गिऱ्हाइकांना व विक्रेत्यांना द्यावी हा आरंभीचा हेतू होता. पुढे त्याचे रूपांतर ‘किर्लोस्कर’ या मासिकात झाले आणि 1930 मध्ये ‘स्त्री’, 1934 मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे निघाली. गिऱ्हाइकाला उपयोगी पडेल असा मजकूर नियमाने देत राहावे आणि त्यातून उत्पादकाविषयी आपुलकी तयार व्हावी, या पद्धतीला आजचे सल्लागार ‘कंटेंट मार्केटिंग’ म्हणतात आणि तिचे शिबिर घेण्यासाठी भरपूर शुल्क आकारतात. नांगराच्या कारखान्याने ती शंभर वर्षांपूर्वी, पुणे-मुंबईपासून दूर, खडकाळ माळावर बसून अमलात आणली होती. या उदाहरणातून घेण्यासारखी गोष्ट नियमितपणाची आहे. व्हॉट्सॲपवर दररोज सुप्रभातासोबत मालाचे छायाचित्र पाठवणारा दुकानदार महिन्याभरात गिऱ्हाइकाकडून मूक केला जातो, तर ठिबकच्या नळ्या विकणारा दुकानदार दर पंधरवड्याला फिल्टर कसा धुवावा, आम्लप्रक्रिया केव्हा करावी अशी एकच कामाची गोष्ट पाठवीत राहिला तर त्याचा क्रमांक शेतकरी जपून ठेवतो. समाजमाध्यमांविषयी याहून अधिक सांगण्यासारखे फारसे नाही. गूगलच्या नकाशावर दुकानाचा पत्ता, वेळ आणि दूरध्वनी क्रमांक बरोबर आहेत का, एवढे पाहिले तरी निम्मे काम होते आणि तेवढेही पुष्कळ ठिकाणी झालेले नसते.

पुण्यातल्या दुकानांवरची ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी विनोदाचा विषय झाली आहे, परंतु विपणनाच्या दृष्टीने ती निर्बुद्ध नाही. येथे मिळणारा माल एकाच भट्टीतला, एकाच हातचा आहे आणि तो बिघडला तर जाब विचारायला हाच एक पत्ता आहे, असा शब्द ती देते. लहान उद्योगाला मोठ्यावर मात करता येते ती अशा मर्यादित आणि स्पष्ट शब्दाने. ‘उत्तम दर्जा, वाजवी भाव, तत्पर सेवा’ या तीन जोडशब्दांनी काहीच सांगितले जात नाही, कारण निकृष्ट दर्जाची आणि अवाजवी भावाची पाटी आजवर कोणी लावलेली नाही. त्याऐवजी ‘दुपारी बारापर्यंत दिलेला पंप दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुरुस्त होऊन मिळेल’ असे लिहिले, तर गिऱ्हाइकाला काय अपेक्षावे ते कळते आणि कारखान्यातल्या प्रत्येकाला आपण कशासाठी बांधील आहोत तेही कळते. एकाच वाक्याने बाहेर विपणन होते आणि आत नेतृत्व होते.

दर्जाविषयीचा शब्द किती कठोरपणे पाळावा लागतो, याचा दाखला गिरगावातला आहे. तेथील एका इमारतीच्या गच्चीवर 15 मार्च 1959 रोजी सात महिलांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि त्यातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. आरंभी दोन दर्जांचे पापड बनवून हलका माल स्वस्तात विकण्याचा प्रयोग झाला, पण संस्थेचे मार्गदर्शक छगनलाल पारेख, ज्यांना सारे छगनबापा म्हणत, यांच्या सल्ल्याने तो सोडून एकच चांगला दर्जा ठेवण्यात आला. हा निर्णय वरकरणी तोट्याचा वाटतो, कारण स्वस्त माल घेणारे गिऱ्हाईक हातचे जाते. परंतु जी संस्था घरोघरी, वेगवेगळ्या हातांनी पापड लाटून घेते तिच्यापुढचा मुख्य धोका दर्जातल्या चढउताराचा असतो, आणि दोन दर्जे असले की प्रत्येक बिघडलेल्या घाण्याला ‘हा दुसऱ्या दर्जात जाईल’ अशी पळवाट मिळते. पीठ केंद्रात एकत्र मळायचे, लाटण्यासाठी घरी न्यायचे, लाटलेला माल दुसऱ्या दिवशी तपासून घ्यायचा आणि मजुरी तेथल्या तेथे चुकती करायची, ही साधी साखळी त्या निर्णयाला पूरक होती. काम करणारी प्रत्येक स्त्री संस्थेची भगिनी आणि सहमालक मानली गेल्यामुळे वाईट पापड परत करणे म्हणजे मालकिणीचा राग राहत नाही, तो सगळ्यांच्या वाट्याचा प्रश्न होतो.

किमतीचा निर्णय लहान उद्योगात सर्वांत घाईने घेतला जातो आणि सर्वांत महाग पडतो. येथे ‘अंशदान’ ही संज्ञा समजून घ्यावी लागते: विक्रीच्या किमतीतून कच्चा माल, वेष्टन, वाहतूक असे नगागणिक वाढणारे खर्च वजा केल्यावर जे उरते ते अंशदान, आणि भाडे, पगार, विजेचे किमान बिल, कर्जाचा हप्ता हे सारे त्यातूनच भागते. समजा, मसाल्याचे पाकीट 100 रुपयांना विकले जाते आणि त्यामागे असे खर्च 75 रुपये आहेत. अंशदान 25 रुपये झाले. शेजारच्याने दहा टक्के सूट दिली म्हणून आपणही दिली, तर किंमत 90 आणि अंशदान 15 होते, म्हणजे पूर्वी 300 पाकिटे विकून जे 7,500 रुपये उरत होते ते उरण्यासाठी आता 500 पाकिटे विकावी लागतात. दहा टक्के सुटीची भरपाई करायला सदुसष्ट टक्के अधिक विक्री लागते, हे गणित चौथीच्या मुलाला समजावून सांगता येते. तरी दिवाळीच्या तोंडावर सुटीचे फलक लावणाऱ्या किती दुकानदारांनी ते आधी मांडलेले असते, याविषयी शंका आहे. सूट द्यायचीच असेल तर तिच्या बदल्यात काहीतरी घ्यावे, उदाहरणार्थ रोख पैसे, मोठी ऑर्डर किंवा मंदीच्या महिन्यातली मागणी. मोबदल्याशिवाय दिलेली सूट ही गिऱ्हाइकाला लावलेली सवय असते आणि ती मोडताना गिऱ्हाईकच तुटते.

आता माणसांकडे वळले पाहिजे. लहान उद्योगातल्या नेतृत्वाचा नेहमीचा रोग असा, की प्रत्येक निर्णय मालकाच्या फोनवर येऊन थांबतो. संध्याकाळी सातची वेळ, फरसाणाच्या दुकानात गर्दी, आणि एक बाई कालच घेतलेले चिवड्याचे पाकीट घेऊन येतात. तेलाला खवट वास येत आहे. गल्ल्यावरचा मुलगा पाकीट हुंगतो, वास त्यालाही येतो, पण पैसे परत द्यायचे की नाही हे त्याला ठाऊक नसते, म्हणून तो मालकाला फोन लावतो, मालक लग्नाच्या मांडवात असल्यामुळे उचलत नाहीत आणि मुलगा ‘शेठ आल्यावर या’ असे सांगतो. रांगेतल्या आठ जणांनी हे ऐकलेले असते. चाळीस-पन्नास रुपयांच्या पाकिटासाठी जे नुकसान झाले त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. या मुलाला ‘पाचशे रुपयांपर्यंतचा माल न विचारता बदलून दे, फक्त वहीत तारीख, माल आणि कारण लिही’ एवढा अधिकार दिला असता, तर तक्रार दोन मिनिटांत मिटली असती आणि मालकाच्या हाती महिन्याअखेरीस एक मौल्यवान कागद आला असता: कोणत्या दिवसाच्या, कोणत्या कढईच्या मालाविषयी किती तक्रारी आल्या. अधिकार सोपवणे या भारदस्त शब्दप्रयोगाचा लहान उद्योगातला अर्थ एवढाच आहे, की रकमेची मर्यादा आखून द्यावी, नोंद मागावी, आणि त्या मर्यादेत चुकलेल्या निर्णयाबद्दल चारचौघांत बोलू नये. तिसरी अट बहुतेक मालकांना जड जाते.

याचीच दुसरी बाजू ज्ञानाची आहे. साच्यात रस किती तापल्यावर ओतायचा, रंगाच्या कुंडात मीठ केव्हा टाकायचे, बिघडलेला माग कशाने सुरू होतो, हे एकाच जुन्या मिस्त्रीला ठाऊक असते आणि मालक त्याचा अभिमान बाळगतो. तो मिस्त्री गावी गेला की पंधरा दिवस माल अडतो आणि कायमचा गेला की गिऱ्हाईकही जाते. मिस्त्रीला शेजारी बसवून त्याचे काम टप्प्याटप्प्याने लिहून काढणे, त्याच्या हाताखाली एक पोरगा देणे आणि शिकवण्याचे वेगळे पैसे मिस्त्रीला देणे, हे तीन उपाय स्वस्त आहेत. तिसरा उपाय गाळला तर पहिले दोन चालत नाहीत, कारण आपली विद्या फुकट वाटून आपलीच गरज कमी करून घेण्याइतका भाबडा माणूस कारखान्यात चाळीस वर्षे टिकलेला नसतो. कुटुंबाच्या उद्योगात हाच प्रश्न भाऊ, मुलगा आणि सून यांच्या बाबतीत येतो. कोण कशाला जबाबदार आणि कोणाला किती पगार, हे घरच्या माणसांबाबत लिहून ठेवणे परकेपणाचे वाटते, पण ज्या घरात ते लिहिलेले नसते त्या घरात पुढच्या पिढीत ते न्यायालयात लिहिले जाते.

शेवटी तो विषय, ज्यावर लघुउद्योजकांच्या मेळाव्यांत चहाच्या वेळी सर्वाधिक आणि व्यासपीठावर सर्वांत कमी बोलले जाते: उधारी. माल तयार करण्यासाठी पैसे खर्च झाल्यापासून विक्रीचे पैसे हाती येईपर्यंतचा काळ निभावून नेण्यासाठी जी रक्कम लागते तिला खेळते भांडवल म्हणतात, आणि उधारी जितकी लांबते तितके ते खेळायचे थांबते. महिन्याला पाच लाखांचा माल देणाऱ्या पुरवठादाराचे पैसे तीस दिवसांनी येत असतील तर पाच लाख बाहेर असतात. तेच नव्वद दिवसांनी येऊ लागले तर पंधरा लाख बाहेर असतात. वरचे दहा लाख बँकेकडून बारा टक्क्यांनी घेतले तर वर्षाला एक लाख वीस हजार व्याज, म्हणजे साठ लाखांच्या विक्रीवर दोन टक्के, गिऱ्हाइकाच्या वतीने पुरवठादार भरतो. उधारी हीदेखील सूटच आहे, फक्त ती बिलावर छापलेली नसते.

मोठ्या कंपनीला माल देणारा लहान कारखानदार पैसे मागायला कचरतो, कारण पुढची ऑर्डर जाईल अशी भीती असते, आणि ती भीती खोटी नाही. तरीही कायद्याने त्याच्या हाती काय दिले आहे हे त्याला माहीत असले पाहिजे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा 2006 मध्ये झाला. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असल्यास करारातल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांच्या आत, आणि लेखी करार नसल्यास 15 दिवसांच्या आत द्यावे लागतात. मुदत टळली तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागू होते आणि दाद मागण्यासाठी राज्याच्या सुविधा परिषदा आहेत. 2023 च्या वित्त कायद्याने त्यात आणखी एक दात बसवला: ही मुदत टाळून थकवलेली रक्कम खरेदीदाराला प्राप्तिकरात खर्च म्हणून तेव्हाच दाखवता येते, जेव्हा ती प्रत्यक्ष चुकती केली जाते. परिणामी मार्च महिन्यात खरेदीदाराचा हिशेबनीस स्वतःहून पुरवठादाराला फोन करू लागला, असे दृश्य काही ठिकाणी प्रथमच दिसले. याची दुसरी बाजूही आहे. काही खरेदीदार ही कटकट नको म्हणून लघुउद्योग म्हणून नोंदणी नसलेल्या किंवा मोठ्या पुरवठादाराकडे वळतात, आणि केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उधारीच्या या तरतुदीचा लाभ मिळत नाही.

म्हणून कायदा हे शेवटचे हत्यार समजून त्याआधीची शिस्त स्वतःच लावणे शहाणपणाचे ठरते. माल पाठवला त्याच दिवशी बिल जावे, बिलावर मुदतीची तारीख आकड्यांत असावी, मुदतीच्या आठवडाभर आधी ‘बिल पोहोचले का, काही त्रुटी आहे का’ असा सौम्य फोन व्हावा आणि तो मालकाने न करता हिशेब पाहणाऱ्याने करावा, म्हणजे मालकाचे संबंध मालकापाशी राहतात. कोणत्याही एका गिऱ्हाइकाकडे एकूण विक्रीचा तिसरा हिस्सा जाऊ लागला की दुसरे गिऱ्हाईक शोधण्याचे काम त्याच आठवड्यात सुरू व्हावे. पुढची ऑर्डर जाण्याची भीती कमी करण्याचा तोच एक उपाय आहे, आणि येथे विपणन वसुलीच्या मदतीला येते.

वेळ आलीच तर या कायद्याचा आधार घेता यावा म्हणून, ज्या उद्योजकाने सरकारच्या उद्यम पोर्टलवर आपल्या उद्योगाची नोंदणी केली आहे त्याने तो क्रमांक आपल्या प्रत्येक बिलावर छापला आहे का हे आजच पाहावे, ज्याने केलेली नाही त्याने पुढचा माल पाठवण्याआधी ती करून घ्यावी. नोंदणीला शुल्क नाही, आधार आणि पॅन एवढ्यावर ती होते, आणि ती करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.